समोरच्याला हवा तसा चेंडू

नेट्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी पायांकडे. चहाच्या टपरीवर कुणी नवा माणूस आला, एसटीतून कंडक्टर उतरला, की याची नजर खाली. वजन कोणत्या पायावर आहे, टाच उचलली आहे का, गुडघा किती वाकतो, हे बघून तो माझ्या कानाशी लागायचा. "ह्याला पायावरचा आवडंल बघ. उचलून मारंल." त्या कंडक्टरनं जन्मात कधी बॅट धरली नसेल, पण नेट्याच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस फलंदाजच होता. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हा पठ्ठ्या अक्षता हातात घेऊन माझ्या पायांकडे बघत होता. जेवताना म्हणाला, "मागच्या पायावर व्हतास. घाबरला व्हतास का काय?" खोटं कशाला बोलू, घाबरलोच होतो.

नेट्या हे नाव गावानं ठेवलं, आणि कौतुकानं ठेवलं, हे आधीच सांगायला हवं. आमच्या राणीसावरगावातल्या साध्या शेतकरी घरातला हा गडी मोठ्या शहरांच्या क्रिकेट लीगमधल्या एका संघाचा नेट बोलर झाला होता. म्हणजे संघातल्या फलंदाजांना सरावाला जाळीत चेंडू टाकणारा, सामन्यात न खेळणारा. संघाचं नाव सांगून आता उपयोग नाही. मालक बदलले तसं ते नाव दोनदा बदललं, आणि शेवटी नाव लावायला संघच उरला नाही. गावात तसंही कुणी त्याला त्या नावानं ओळखत नव्हतं. आमच्यासाठी ती नेट्याची टीम होती.

त्याआधीचा नेट्या मी यष्टीमागून पाहिलेला आहे. टेनिस बॉलच्या सगळ्या स्पर्धांत मी त्याचा विकेटकीपर. त्याला दयामाया नव्हती. एकदा ताडकळसला स्पर्धेचं उद्घाटन होतं. आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यांनी नारळ फोडायचा, फीत कापायची आणि मग हार गळ्यात तसाच ठेवून एक चेंडू खेळायचा. बोलरनं तो हळूच, लहान लेकराला टाकावा तसा टाकायचा. पाहुणे बॅट लावतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. त्या दिवशी चेंडू नेट्याच्या हातात दिला आणि त्यानं लांबून धावत येऊन पाहुण्यांची मधली दांडी उडवली. फोटोवाल्यानंही नेमका तोच क्षण टिपला. पाहुणे तडक जीपमध्ये जाऊन बसले. आयोजक नेट्याच्या अंगावर धावून आले, तेव्हा हा अगदी निरागसपणे म्हणाला, "मी काय करू? बॉल हातात आला की मला दांडीच दिसायलीय." आम्हाला त्या स्पर्धेतून घालवून दिलं. परतीच्या एसटीत आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

पुढं तो परभणीला जिल्ह्याच्या संघातून खेळला, मग पुण्याला एका क्लबात गेला. तिथल्या प्रशिक्षकांच्या ओळखीनं त्याला या संघाच्या शिबिरात घेतलं. गावाला वाटलं, आता हा टीव्हीवर दिसणार. बसस्टँडजवळच्या हॉटेलात संघाचा प्रत्येक सामना आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहायचो. सामना कमी आणि सीमारेषेबाहेरची माणसं जास्त. एकदा कुणीतरी ओरडलं, "त्यो बघा, नेट्या!" सगळे उभे राहिले. एक कोपर दिसलं होतं. ते नेट्याचंच होतं का, यावर आठवडी बाजारापर्यंत वाद चालला. शेवटी त्याच्या आईनं निकाल दिला. "माय, माझ्या लेकराचं कोपर मला वळखू येईना का?"

पहिल्याच शिबिरात नेट्याकडून ताडकळसचीच गंमत झाली. संघाचा कर्णधार फलंदाजीला उभा होता. नेट्यानं आखूड टप्प्याचा चेंडू असा काही टाकला की तो त्याच्या बरगडीत बसला. पुढच्यावर दांडी उडाली. नेट्याला वाटलं, आता पाठ थोपटतील. संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तुला विकेट काढायला आणलेलं नाही. उद्या त्याला धावा करायच्या आहेत. तो जिथं मागेल तिथं टाक. त्याचा हात बसला पाहिजे." मला हे सांगताना नेट्या स्वतःवरच हसत होता. "बरुबर हाय त्यांचं. माझंच येडपटपण. मी तिथंबी मॅच खेळायलो व्हतो."

आणि मग त्यानं ते काम मनावर घेतलं. नेट्याचा स्वभावच तसा, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागायचं नाही. काही दिवसांत फलंदाजांनी तोंड उघडायचीही गरज उरली नाही. पाय बघायचे आणि चेंडू द्यायचा, ही सवय त्याला तिथंच लागली. कुणाला पुढं येऊन मारायला आवडतं, कुणाला कमरेइतका उसळलेला लागतो, हे त्याला तोंडपाठ. सामन्याच्या आदल्या दिवशी मोठमोठे खेळाडू त्याचं नाव घेऊन हाक मारायचे. परदेशी खेळाडू तर त्याच्या खऱ्या नावाचा असा काही चेंदामेंदा करायचे, की त्याची नक्कल नेट्यानं पारावर करून दाखवली तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा डोळे पुसत हसली. तो सुखात होता. हे मला नाकारता येत नाही.

दर हंगाम संपला की तो पिशवी भरून टी-शर्ट आणायचा आणि गावभर वाटायचा. आमच्याकडे शेतात कामाला जाताना बाया साडीवर शर्ट घालतात. त्यामुळे सोयाबीन काढणीला गेलं की त्या संघाचा सगळा इतिहास रानात वाकलेला दिसायचा. पहिल्या मालकाचा जांभळा, दुसऱ्याचा हिरवा, नाव पुन्हा बदलल्यावरचा भगवा. नेट्याची आई पाठीवर एका धिप्पाड परदेशी फलंदाजाचं नाव घेऊन कापूस वेचायची. संघ कधी जिंकला नाही. एकदा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथं कर्णधार पायात आलेल्या चेंडूवर बाद झाला. गाव हळहळलं. नेट्या एवढंच म्हणाला, "तसला बॉल त्यानं मला कधी मागितलाच न्हाई."

मग तो हंगाम आला. संघाचे दोन वेगवान गोलंदाज जायबंदी झाले आणि प्रशिक्षकांनी नेट्याला सांगितलं, की संघातल्या संघात सराव सामना होईल, त्यात चांगली गोलंदाजी केलीस तर तुला संघात घेऊ. आता मैदानावर, खऱ्या सामन्यात. त्याचा फोन आला तेव्हा त्याला नीट बोलता येईना. "आपलं जमतंय बघ बाबा," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. त्याच्या आईनं देवीला नवस बोलला. आम्ही हॉटेलवाल्याला मोठा टीव्ही आणायला लावला. एवढी वर्षं नुसतं कोपर शोधलेल्या गावाला आता पूर्ण नेट्या दिसणार होता.

सराव सामन्यात त्याच्यासमोर कर्णधारच होता. नेट्यानं जीव तोडून गोलंदाजी केली. वेग होता, टप्पा अचूक होता. फक्त प्रत्येक चेंडू कर्णधाराला जिथं आवडतो तिथं पडत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. हातालाच ते वळण पडलं होतं. कर्णधारानं त्याला चारी बाजूंना मारलं आणि जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मस्त टाकलास रे." नेट्या खूश होऊन सीमारेषेकडे वळला, तर प्रशिक्षक दुसरीकडेच बघत होते. जागा दुसऱ्या एका पोराला मिळाली.

गावी आल्यावर त्यानं हे मला सांगितलं. मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर आम्ही बसलो होतो. "मला वाटलं, लय भारी चाललंय," तो म्हणाला. "समोरचा खूश व्हता ना रे." मला तेव्हा संताप आला, अजूनही येतो. त्या प्रशिक्षकांचा येतो. ज्या माणसाला वर्षानुवर्षं बाद करू नको म्हणून शिकवलं, त्यालाच एका दुपारी बाद करून दाखव म्हणायचं, ही कसली परीक्षा? पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग येतो तो नेट्याच्या चांगुलपणाचा. तो थोडा वाईट असता, थोडा हट्टी, मनातल्या मनात का होईना थोडा बंडखोर, तर त्याचा चेंडू त्याच्यापाशी राहिला असता.

पुढच्या हंगामाआधी तो संघ बंद झाला. मालकांचं आणि लीगचं काहीतरी फिसकटलं होतं. नेट्याला कुणी कळवलं नाही, आणि कळवावं असं कुणाला वाटलंही नसेल. आमच्याबरोबर हॉटेलात बसून त्यानं ती बातमी टीव्हीवर ऐकली. खेळाडूंचं काय, ते दुसऱ्या संघांत गेले. नेट्या बॅग भरून तयार होता, ती त्यानं परत रिकामी केली. त्या वर्षी गावात कुणाला टी-शर्ट मिळाले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात मी ठरवून त्याला शाळेच्या मैदानावर नेलं. सकाळची वेळ, मैदान रिकामं. मी एकच दांडी रोवली आणि म्हणालो, "टाक. समोर कुणी न्हाई. दांडी उडव." तो आपल्या जुन्या जागेवरून धावत निघाला. तीच लांब ढांग, तीच मान खाली घातलेली. रेघेपाशी आला आणि थांबला. चेंडू हातातच. पुन्हा मागं गेला, पुन्हा धावला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही.

"हुईना रे," तो म्हणाला. "तू बॅट घिऊन हुभा रहा बरं. मग सुटंल."

मी उभा राहिलो. वय झालं, पोट सुटलंय, चेंडू दिसतो की नाही तेही सांगता येत नाही. मी म्हणालो, "मला आऊट कर."

तो हसला. गिऱ्हाइकानं दुकानात नसलेली वस्तू मागितल्यावर दुकानदार बघतो तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. "तसं न्हाई. कसा पायजे ते सांग की."

मी म्हणालो, "ऑफला टाक. थोडा पुढं."

तो मागं गेला, धावत आला, आणि चेंडू बरोबर तिथंच पडला.