ताईच्या घरापुढचा मातीचा आडोसा

कंपनीत त्याला सगळे नकाशेभाऊ म्हणत. वाळू आणि खडीची खाण कुठून सुरू करायची, किती खोल न्यायची, आणि सगळं उपसून झाल्यावर ती जमीन पुन्हा पेरण्याजोगी कशी करायची, हे कागदावर मांडणं त्याचं काम. या शेवटच्या भागात त्याचा विशेष जीव. बाकीचे खड्डा आखून मोकळे होतात आणि तो बुजवायची वेळ आली की कानांवर हात ठेवतात. हा तसला नव्हता, आणि हे सगळ्यांना ऐकवायलाही त्याला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

त्याच्या थोरल्या बहिणीचं नदीकाठचं शेत नेमकं वाळूच्या थरावर निघालं आणि कंपनीला ते भाड्याने हवं झालं. भावजींनी साफ नकार दिला. ताईने मात्र भावाला समोर बसवून विचारलं, शेत होतं तसं परत मिळेल का? जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघा ओढत त्याने समजावलं. वरची कसदार माती आधी सोलून बाजूला ठेवायची, खालची वाळू काढायची, खड्डा भरायचा आणि तीच माती पुन्हा वर पसरायची. "माझा शब्द आहे, ताई," तो म्हणाला. त्या शब्दाखातर ताईने सही केली आणि भावजींनी मेहुण्याशी बोलणं टाकलं.

बाजूला काढलेल्या मातीचा ढीग कमरेच्या वर जाऊ द्यायचा नसतो. उंच रचली की आतल्या मातीला हवा मिळत नाही, तिच्यातला जीव जातो. ही सूचना त्यानेच नकाशावर लाल शाईने लिहिली होती.

काम सुरू झालं आणि ताईच्या घराची दैना उडाली. दिवसभर चाळण्यांचा खडखडाट, धुतलेल्या भांड्यांवर धूळ, त्यात भावजींचा दमा उसळला. एका सकाळी ताई तरातरा खाणीवर आली. माती अशी पसरून कशाला ठेवलीस, म्हणाली, घराच्या बाजूला उंच रचून दे, तेवढाच आडोसा होईल.

नकार त्याच्या ओठांवर आला होता. पण आई गेल्यावर त्याला लहानाचं मोठं केलं ते ताईने, आणि तिला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, अशी मनाची समजूत घालून त्याने स्वतः डंपरवाल्यांना सांगितलं. माती छपराइतकी उंच रचली गेली. ताईचे कपडे पुन्हा अंगणात वाळू लागले, भावजी बोलू लागले. कंपनीला तर फुकटात मोकळी जागा मिळाली, ती कशाला हरकत घेते? थोड्या दिवसांची वर्षं झाली.

खाण संपली, खड्डा भरला, माती पसरली. ढिगाच्या पोटातून निघाली ती निळसर, गटारासारखा वास मारणारी. पावसात नुसता चिखल, उन्हात वीट. पेरलेलं बी जागच्या जागी कुजलं. ताई कंपनीच्या नावाने खडे फोडू लागली. माझ्या भावाचा नकाशा चोख होता, चोरांनी माती बदलली, असं येईल-जाईल त्याला सांगायची. शेजारी बसलेला भाऊ तोंडात मूग धरून ऐकायचा. इथे त्याची कीव यायला हवी, पण रागच येतो.

शेवटी ताईने खाणीच्या साहेबाला शेतात बोलावलं आणि भावाला आपल्या बाजूने उभं केलं. साहेबाने सगळं ऐकून घेतलं.

"माती बदललेली नाही, बाई. उंच रचल्यामुळे मेली," तो म्हणाला. "आणि उंच रचायला कंपनीने नाही, तुमच्या भावाने सांगितलं होतं."

तूच मागितलंस ना, हे नकाशेभाऊच्या तोंडापर्यंत आलं. साहेबासमोर त्याने ते गिळलं. ताईला आठवत होतंच.

साहेब गेल्यावर ती बांधावर बसली.

"माती मरेल हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तेव्हाच 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"तुला कसं नाही म्हणू, ताई?"

"परका असता तर तोंडावर नाही म्हणाला असता," ती म्हणाली. "शेत तरी राहिलं असतं माझं."