नांदूरघाटचा अर्जेंटिनावाला

अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर गिरणीत दळण टाकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. गावाच्या ग्रुपवर त्याने पहाटेच चषकाचा फोटो टाकला होता. शेजारी स्वतःचा हात जोडलेला फोटो, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावतात तसा, आणि खाली हार्दिक अभिनंदन.

"कोण्या गटातून निवडून आले बे हे?" चहावाल्या अंगदने लिहिलं. "घरकुल देतेत का, इचार."

गावात फुटबॉल कुणी खेळत नाही. उत्तरेश्वरही कधी खेळला नाही. बारा वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको वनमाला ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले होते. भरलेल्या ट्रॉलीवरून तो पडला, मांडी मोडली. बावीस दिवस सरकारी दवाखान्यात. शेजारच्या खाटेवर सुंदरराव होते, पन्नाशीत फुटबॉलच्या मैदानात उतरून पाय मोडून घेतलेले. त्यांच्या तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं त्यांच्या घरून डबा आणत. दुसऱ्या दिवसापासून तो उत्तरेश्वर-वनमाला धरून तिघांचा येऊ लागला. गाव कुठलं, जात कुठली, कुणी विचारलं नाही. मग एक दिवस मुकादमाचा टेम्पो घाईने न्यायला आला, तेव्हा सुंदरराव एक्स-रेला गेले होते. आभार मानायचे राहिले.

राहिलेल्या गोष्टीभोवती माणूस आयुष्य बांधतो आणि लोक त्याला छंद म्हणतात. त्या पोरांच्या अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी असत. पुढे टीव्हीवर तेच पट्टे दिसले, आणि हा सुंदररावांचा संघ म्हणून उत्तरेश्वर अर्जेंटिनाचा झाला.

कोल्हापूरच्या एका फुटबॉलप्रेमींच्या पानावर जल्लोषाचा व्हिडिओ होता. त्याखाली हजारो लोक नुसते ओरडत होते. त्या गर्दीत त्याने लिहिलं, "मी बीडचा ऊसतोड्या. पाय मोडलेल्या सुंदररावांना कुणी ओळखतं का? त्यांचा संघ जिंकला म्हणून सांगा." खाली नंबर दिला.

दुपारी घरी जेवताना फोन आला.

"उत्तरेश्वर का रं? ट्रॉलीवरनं पडलेला?"

"हाव," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. "अभिनंदन दादा. आपुन जिंकलो."

"आपुन कुठलं? मी ब्राझीलवाला. आमी हरून आठ-दहा दिवस झालं, घरात सुतक हाय."

"पन ते पट्टे?"

"ते आमच्या तालमीचं, लेका. बारा वर्सं माझ्या वैऱ्याची भक्ती केलीस व्हय?" सुंदरराव खोकत खोकत हसत राहिले.

उत्तरेश्वरने पेनल्टीचा विषय काढला, मग थंडीचा. जे बोलायचं ते जिभेवर येईना. मांडीवरचा जुना व्रण तो धोतरावरून चोळत राहिला. वनमालाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"दादा, मी वनमाला. बावीस दिवस मीबी तुमच्या डब्यातलंच जेवले. कुनाच्या हातचं व्हतं ते?"

"आमच्या मंडळींच्या. छबुबाई."

"मग त्यांना द्या फोन."

पलीकडे भांडी वाजली, हाका झाल्या, मग एक बारीक आवाज आला.

"वहिनी," वनमाला म्हणाली, "तवा मी दोन जिवाची व्हते. कुनाला सांगितलं नव्हतं. टोळीत असते तर एवढं पोटभर मिळालं नसतं. पोरगी झाली. सहावीला हाय आता. तुमचे लई उपकार झाले."

पलीकडून छबुबाईंनी पोरीबद्दल काहीतरी विचारलं. वनमाला पदराने डोळे पुसत हसली.

"न्हाई वहिनी, ती कबड्डी खेळती."