नाक्यातल्या बोरी

गावाबाहेर जुन्या संस्थानाच्या हद्दीवरचा नाका पडून आहे. तिथले शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्याला उन्हात उभं करून त्याचं गाठोडं मातीत उपडं करायचे. माझ्या आजोबांचंही केलं. संस्थान गेलं, शिपाई गेले, पण गावानं एक रीत धरली: इथून जाताना बोर खायचं आणि बी नाक्यात थुंकायची.

आज भिंती फोडून बोरी वर आल्यात. आत मोर नांदतात. चौकटीचा दगड मुळांनी उचकटलेला पाहिला की माझा जीव थंडावतो. परवा वनखात्यानं तिथं ‘राखीव जंगल’ अशी पाटी लावली.

मी बोराची बी थुंकली तसा वनखात्याचा रखवालदार हसला. "काका, अजून राग गेला नाही?"

"अरे, गेला असता तर तू राखलं काय असतंस?"