गारगोटीवरचं घर

पंपकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. एरवी सगळ्या वस्तीत ते पंपकाकाच. तांब्याच्या खाणीच्या अगदी तळाशी पाणी उपसणारा पंप त्यांच्या ताब्यात होता. त्यांच्या मते खाण ती तेवढीच. खोदणारे, फोडणारे, वाहणारे हे सगळे हौशी लोक. पाणी हा त्यांचा जन्माचा वैरी. घरात घागर लवंडली तरी असे दचकून उठायचे की काकू म्हणायच्या, "बसा हो, खाण नाही बुडत."

खाण बुडली ती नंतर. तांब्याचा भाव पडला, मालकांनी गाशा गुंडाळला आणि पंपाचा खटका काकांनाच आपल्या हाताने खाली ओढावा लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पाणी सावकाश चढत गेलं, पंप बुडाला, वाटा बुडाल्या, लाकडी टेकू बुडाले. आता वर उरलंय ते माणसं खाली-वर नेणाऱ्या पाळण्याचा गंजलेला सांगाडा, खाली उतरायची खोल विहीर म्हणजे शाफ्ट, तिच्याभोवतीची फाटकी जाळी आणि टेकडीच्या पायथ्याशी ढासळलेलं बोगद्याचं तोंड. त्या ढिगाऱ्यातून बारा महिने तांबूस पाणी झिरपतं. तांब्याच्या खडकात लोखंड आणि गंधकही असतं. त्याला हवापाणी लागलं की आम्ल तयार होतं. ओढ्यातले दगड गेरू फासल्यासारखे झालेत आणि मासा औषधालासुद्धा सापडत नाही.

लेकीच्या घराची जागा काकांनी निवडली होती. लोक जागा बघताना रस्ता बघतात, ऊन बघतात, शेजार बघतात. काका पहार घेऊन गेले. खाणीत कुठेही पाय टाकण्याआधी छतावर पहार ठोकायची रीत असते. खणखणीत वाजलं तर छत पक्कं, बद्द वाजलं तर मागे फिर. त्या रीतीने किती जणांचे जीव वाचवले होते. काकांनी तीच रीत जमिनीला लावली. सगळी टेकडी ठोकून झाल्यावर पांढऱ्या गारगोटीचा एक पट्टा घंटेसारखा वाजला. "इथे बांध," त्यांनी जावयाला सांगितलं. जावई वेल्डर होता, त्याला लोखंडातलं कळायचं. दगडाच्या बाबतीत सासऱ्यापुढे कोण बोलणार? घर झालं. पुढे कंपनीची खोली सुटली तेव्हा काका-काकूही तिथेच राहायला आले.

एका हिवाळ्यात स्वयंपाकघराचं दार लागेना. जावयाने दार तासलं. मग खिडकी अडकली. मग ओट्याखालून निघालेली चीर थेट उंबऱ्यापर्यंत गेली आणि तासण्यासारखं काही राहिलं नाही.

सरकारी खाण कार्यालयाने भूगर्भाचा अभ्यास केलेल्या एक बाई पाठवल्या. त्यांनी घराभोवती तारा पसरल्या, यंत्रं लावली आणि संध्याकाळी काकांना दारापुढच्या ओट्यावर बसवून सगळं समजावलं. धातूची शीर तिरकी असते. काका तळाशी काम करत होते तिथे ती पलीकडच्या टेकडीखाली होती. हे काकांना ठाऊक होतं. पण तीच शीर वर चढत येते ती इथे. गारगोटीचा पट्टा म्हणजे शिरेचंच डोकं, आणि खाणकाम सुरू झालं ते नेहमीप्रमाणे डोक्यापासून. काकांच्या, त्यांच्या पंपाच्याही आधीच्या माणसांनी खालचं तांबं खरवडून नेलं होतं. नकाशा काढायची पद्धत तेव्हा नव्हती. वरची गारगोटी जाड, म्हणून ती छान वाजली. झाकण जाड असलं की रिकामा डबाही भरल्यासारखा वाटतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात. काकांचं उलटं झालं, दिवा आयुष्यभर खाली होता आणि अंधार डोक्यावर.

काका म्हणाले, "मी पंप लावतो. पाणी काढलं की आत उतरून टेकू देता येतील."

बाईंनी मान खाली घातली. "काका, ते छत आता पाण्याच्याच आधारावर आहे. पाणी काढलंत तर..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. पाणी राहिलं तर ओढा मरतो, गेलं तर घर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही काकांनीच खोदल्यासारखं त्यांना वाटलं. घर सोडा, असं बाई म्हणाल्या. सोडून कुठे जायचं, तर वस्तीतलं कुठलं घर पक्कं आहे हे त्यांनाही सांगता येईना. दुसरी जागा देऊ, असं कार्यालय म्हणालं. अजूनही म्हणतंय.

लेक फक्त एकदाच बोलली. "बाबा, तुम्ही ठोकून बघितलं होतं ना?" आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

आता कडक उन्हाळा आहे. बोगद्यातून झिरप चालूच आहे आणि वरून भर नाही, त्यामुळे खाणीतलं पाणी उतरतंय. काका रोज सकाळी शाफ्टच्या जाळीतून खडा टाकतात आणि कान देऊन बसतात. डुबुक ऐकू यायला रोज थोडा जास्त वेळ लागतो. घरी आल्यावर त्यांना कोणी विचारत नाही. त्यांचा चेहरा बघून काकू ताटं मांडतात आणि सगळे चिरेच्या दोन बाजूंना बसून जेवतात.

परवा जेवण थंड झालं तरी काका आले नाहीत, म्हणून लेक बघायला गेली. काका जाळीपाशी गुडघ्यांवर बसले होते. शेजारी एक भरलेली बादली होती, आणि दुसरी वाकवून ते शाफ्टमध्ये पाणी ओतत होते. अगदी हळू, थेंबही बाहेर सांडू नये असं.

"बाबा, बादलीभर पाण्याने काय होणार?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "मला काय माहीत नाही का?"

त्यांनी शेजारची भरलेली बादली ओढून घेतली. लेक रिकामी बादली उचलून नळाकडे निघाली.