रंगाला रंग

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळते. सगळा कारखाना मला मॅडम म्हणतो, पण माझी हजेरी अजून ठेकेदाराकडे लागते. ‘पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करू’ हे वाक्य आमच्याकडे टॉवेलपेक्षा जास्त तयार होतं. दिवाळी आली की मॅनेजर ते एकदा म्हणतात, मी एकदा मान डोलावते, आणि दोघंही कामाला लागतो.

एकदा मात्र ते अगदी हातातोंडाशी आलं होतं. त्याचीच ही आठवण आहे. गोड नाही, आधीच सांगून ठेवते.

झालं असं, की माझ्या वरच्या जागेवरचा माणूस, जो कायम होता, तो भांडून नोकरी सोडून गेला आणि जाताना मुख्य राउटरचा पासवर्डही बरोबर घेऊन गेला. फोन केला तर उचलेना. राउटर चालत होता तोवर कुणाला फिकीर नव्हती. मग इंटरनेटची नवी लाइन आली, राउटरमध्ये बदल करायची वेळ आली, आणि आत शिरायला वाटच नाही. अशा वेळी एकच उपाय असतो. राउटरच्या मागे कन्सोल नावाची एक खाच असते. तिच्यात खास केबल घालून कॉम्प्युटर थेट जोडायचा आणि नवा पासवर्ड टाकायचा. निळी, चपटी अशी ती केबल राउटरच्या खोक्यातच येते. आमची कुणीतरी हरवून ठेवली होती. मी गावातल्या दुकानांतून फिरले, तर एक दुकानदार म्हणाला की असलं आता कोण ठेवतंय मॅडम, पुण्याहून मागवा, आठवडा लागंल.

मॅनेजरांना आठवडा परवडणार नव्हता. पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावला होता, पण तोही त्यांना मनातून नकोच होता. बाहेरचा माणूस आणला की वरून विचारणा होते, मग इथं माणसं ठेवलीत कशाला. मी म्हटलं, केबल घरी करता येते, मी करून आणते. त्यांचा चेहरा खुलला. "वा, याला म्हणतात जुगाड," ते म्हणाले. "तो यायच्या आत राउटरमध्ये शिरून दाखवा. रिकामी झालेली कायमची जागा तुमची. मी वर बोललोय."

केबल खरंच घरी करता येते. साध्या नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ जातात. कन्सोलच्या केबलमध्ये त्या उलट्या जाव्या लागतात, म्हणजे पहिली आठवीला, दुसरी सातवीला, असं. साधी केबल मधोमध कापायची आणि तारा उलट्या क्रमानं जोडायच्या. पांढऱ्या-नारिंगीला तपकिरी, नारिंगीला पांढरी-तपकिरी. बघणाऱ्याला वाटावं, जोडणारी आंधळी आहे.

आम्ही शहराच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर. वडिलांना मी नायना म्हणते. त्यांची उभी हयात चादरीच्या यंत्रमागावर गेली. मागाच्या खडखडाटानं कान गेले, डोळे आणि बोटं मात्र शाबूत आहेत. मागावर उभा धागा तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोकं शोधायची आणि गाठ मारायची. त्या धाग्याला आम्ही तारच म्हणतो. तार जोडायचा एकच नियम, रंगाला रंग. लाल तारेला चुकून हिरवी बांधली गेली की चादरभर उभी रेघ जाते, आणि चादर बाद होते.

संध्याकाळी मी ब्लेडनं तारा सोलत बसले तेव्हा नायना शेजारी येऊन बसले. काय करतेस, म्हणून विचारलं. मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, "तार जोडतेय, नायना. उद्या हिच्यावर माझं कायम व्हायचंय." त्यांना स्वतःला कुठल्याच कारखान्यानं कधी कायम केलं नव्हतं. तो शब्द ऐकून ते सावरून बसले. मी आठही जोड पिळले, वरून टेप गुंडाळली आणि केबल खिडकीत ठेवली.

सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते काही दिवसांआड येतं, त्यामुळे त्या वेळी घरात दुसरं कुठलंच काम सुचत नाही. पिंप, बादल्या, कळशा भरून झाल्या आणि मी धावतपळत बस पकडली. बसमध्ये केबल काढून पाहिली, तर टेप छान घट्ट, एकसारखी बसलेली होती. मी तर घाईत कशीतरी गुंडाळली होती. नायनांनी नीट केली असणार, असं वाटून मला बरंच वाटलं.

कारखान्यात मी स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर राउटरशेजारी मांडला, कन्सोलला लागणाऱ्या त्याच्या जुन्या खाचेला स्टोअरमधलाच अडॅप्टर लावला आणि केबल जोडली. पडद्यावर अक्षरं यायला हवी होती. काळा पडदा काळाच राहिला. राउटर बंद करून चालू केला, सेटिंग बदलून पाहिलं, केबलची टोकं काढून परत घातली. मॅनेजर मागे उभे राहून घड्याळ बघत होते. माझ्या जोडांची मला इतकी खात्री होती, की टेप उघडून बघायचं डोक्यातच आलं नाही. कन्सोलची खाचच मेली आहे, असं मी त्यांना ठासून सांगितलं.

दुपारी पुण्याचा इंजिनिअर आला. त्यानं बॅगेतून निळी चपटी केबल काढून त्याच मेलेल्या खाचेत लावली, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. त्याच्यासाठी मागवलेला चहा निवायच्या आत नवा पासवर्ड पडलासुद्धा. मग त्यानं माझी केबल दोन बोटांत उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मॅनेजर हसून त्याला म्हणाले, "आमच्या मॅडमचा जुगाड." कालचाच शब्द, आज तो फेकून मारल्यासारखा लागला. ती जागा पुढे पुण्याच्याच एका मुलाला मिळाली. मुलगा चांगला आहे. मला ताई म्हणतो, आणि काही अडलं की मलाच विचारतो.

त्या संध्याकाळी घरी आले तर नायना दारातच बसले होते. मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, झालं का. मी नाही म्हणून मान हलवली.

"असं कसं?" ते म्हणाले. "तू घाईत सगळे रंग उलटे बांधले होतेस. तू पाणी भरत होतीस तेवढ्यात मी सोडून पुन्हा बांधले. नाहीतर तिथं तुझी फजिती झाली असती."

मी टेप फाडली. आत बारीक, एकसारख्या आठ गाठी होत्या, एकीचंही टोक बाहेर नव्हतं. तपकिरीला तपकिरी, निळ्याला निळी. माझ्या हातून असं काम जन्मात होणार नाही. ते बघून गहिवरून यायला हवं होतं, पण माझ्या अंगाची आग झाली. एक साधी केबल ज्यांना सांभाळता आली नाही, आणि ज्यांनी माझी सगळी वर्षं एका सकाळवर टांगली, त्यांच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं. शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात नायनांच्या कानाशी ओरडले, "ते उलटंच हवं होतं. तुम्ही सरळ केलंत, म्हणून माझं कायम व्हायचं गेलं."

त्यांनी त्या गाठींवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला सांगायचंस की."

तेव्हापासून नायना माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाहीत. पूर्वी बॅगेची चेन, चपलेचा अंगठा, ओढणीचा उसवलेला काठ, सगळं मी न सांगता नीट होऊन मिळायचं. परवा कामावर निघताना माझ्या कुर्त्याची बाही उसवलेली दिसली. ते उशीचा अभ्रा शिवत बसले होते. मी त्यांच्यापुढे हात धरला. त्यांनी बाही पाहिली, सुईत नवा दोरा ओवला, आणि सुई माझ्या हातात ठेवली.

"तुला कसं हवंय ते मला कळत नाही," ते म्हणाले. "टाका तूच घाल."