मामांच्या लॅपटॉपचा सातवा स्क्रू

"अवो, तुमचा स्क्रू पुन्हा भायेर आला!"

समोरच्या खोलीतून माझी बायको सुनंदा ओरडली आणि माझ्या हातातला तांब्या खाली पडला. पाचवी वेळ होती ही... भरदुपारी, नेरमधल्या आमच्या राहत्या घरात.

भूतखेत, चकवा असल्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारा माणूस. लॅपटॉप दुरुस्तीत आयुष्य गेलं. नेरच्या बाजारात कापसाची बोंडं आली नसतील तितके स्क्रू पिळलेत... बरं, थोडे कमी धरा. मी फेकतो, हे सगळ्या नेरला माहीत आहे. पण हे फेकलेलं नाही.

हा जुना लॅपटॉप माझ्या मामांचा. मामा कळंबचे शाळामास्तर, दिवाळीआधी वारले. मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, फिरून त्यांनी म्हाताऱ्या माणसांची गाणी रेकॉर्ड केली होती. गाणारे आता बहुतेक गेले. दुसरी कॉपी कुठेही नाही. मामींनी मशीन उशीच्या खोळीत घालून एसटीनं आणलं. म्हणाल्या, "मशीन मेलं तरी चालन बाप्पा, पण ते आवाज जाऊ देऊ नको."

हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजायचं. उघडलं. मदरबोर्डची सात भोकं. सहा स्क्रू ढिले, सातवा सुटून आत लोळत होता. सगळे कसले, झाकण लावलं, कॉपी सुरू केली. अर्ध्यावर मशीन बंद! आणि सातवा स्क्रू टेबलावर. झाकण बंद, झाकणाचे दहाही स्क्रू जागच्या जागी!

"तुमच्या डोक्यातला पडला असन," सुनंदा म्हणाली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा सुनंदा हसली नाही. पाचव्यांदा मी तिचं लाल नेलपॉलिश स्क्रूच्या डोक्यावर थापलं — आम्हा दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती, वाळलं की स्क्रू हलत नाही — आणि तिला पहाऱ्याला बसवलं. मग ती ओरडली. झाकण काढून पाहतो तर नेलपॉलिशचा टिपका आत भोकावर जसाच्या तसा, तडा नाही... आणि त्याखाली भोक रिकामं!

"म्या पापनीबी नाही हालवली," सुनंदा भिंतीला टेकून म्हणाली.

मी खोलीत येरझारा घालत होतो. ते आवाज गेले तर मामींना तोंड कसं दाखवू? शेवटी सातवा स्क्रू पुठ्ठ्यावर चिकटवला आणि तसंच मशीन चालू केलं. एकही आचका न देता सगळी गाणी उतरली.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. आता कुठलंही मशीन उघडलं की स्क्रू चार-चारदा मोजतो, तरी जिवाला चैन नाही.

गाणी उतरली त्याच संध्याकाळी मामींना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,

"तो कायले लावला बाप्पा? तो कसला की मशीन बंद पडते म्हणून तुहे मामा त्याले सदऱ्याच्या खिशात ठेवत. खिशातल्या स्क्रूसकट त्याच सदऱ्यात जाळलं त्यायले."