उलटेकाकांचं प्रूफ

आमच्या छापखान्यात एक असा माणूस होता की छापलेला कागद सरळ हातात दिला तर वाचताना अडखळायचा, आणि शिशाचे खिळे समोर मांडले की घडाघडा वाचायचा. छपाईचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं असतं. तीसेक वर्षं ती उलटी अक्षरं जुळवून त्यांचे डोळे तसे घडले होते. वर्ध्यात त्यांना नावाने ओळखणारे फार तर चारदोन असतील, बाकी सगळ्यांचे ते उलटेकाका. सेलूजवळच्या खेड्यातून रोज सकाळच्या बसने यायचे, धोतराचा सोगा खोचायचे आणि खिळ्यांच्या खणांपुढे उभे राहायचे.

पंचाहत्तरच्या आसपास बी.ए. होऊन मी त्या छापखान्यात प्रूफं तपासायला लागले. चूक दिसली की पेन्सिलीने खोडायची आणि खाली सही करायची, एवढंच काम. पण माझ्या सहीशिवाय ओळ छापली जात नाही याची मला भलतीच ऐट होती. छापखान्याचं एक साप्ताहिक निघायचं. त्यातल्या बातम्या कोण वाचायचं देव जाणे, शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिराती मात्र जिल्हाभर वाचल्या जात.

त्या जाहिरातींमुळेच काकांचं नाव सार्थ झालं होतं. लग्नाची जाहिरात घेऊन कोणी आलं की काका ती मोठ्याने वाचायचे, पण उलटून. मुलीच्या जागी मुलगा घालून. समुद्रपूरचे एक गृहस्थ पोरासाठी मजकूर लिहून घेऊन आले होते. काकांनी गंभीर चेहऱ्याने वाचलं, "गोरा, सडपातळ, शालीन, गृहकृत्यदक्ष मुलगा पाहिजे." गृहस्थ म्हणाले, अहो, मुलगा नाही, मुलगी. काका म्हणाले, "थे समजलं मले. पण पोराले लावून वाचलं तं तुम्हाले हसू काऊन आलं?" त्या गृहस्थांनी डोकं खाजवून 'सडपातळ' तेवढा काढला. काकांच्या लेखी तो मोठाच विजय होता. 'गव्हाळ' या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. आपण जवारी खाणारे लोक, रंग सांगाच्या वक्ती गहू कुठून आणता, असं ते विचारायचे.

छापखान्यात चित्रांचे ठसे दोनच होते. एक मान वळवून हसणारी बाई आणि एक टाय लावून बोट दाखवणारा बाप्या. साडी, केसांचं तेल, नीळ, शिवणयंत्र, सगळीकडे तीच बाई हसायची. बँक, बियाणं, खत, मोटारपंप आला की टायवाला. एकदा काकांनी गुपचूप अदलाबदल केली. निळीच्या जाहिरातीत टायवाला आणि कपाशीच्या बियाण्यावर हसरी बाई. बियाण्याचा दुकानदार अंक हातात घेऊन तणतणत आला. काकांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "तुमच्या वावरात सरकी कोण टोबते? निंदते कोण? कापूस वेचाले कोण जाते?" प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच होतं. "मंग या टायवाल्यानं कदी वखर तरी पायला काय?" दुकानदाराने पाणी संपवलं आणि पुढच्या अंकात टायवालाच छापून घेतला. मालकांनी काकांना चांगलं फैलावर घेतलं. मी पोट धरून हसले होते.

काकांना एकच मुलगी, सुमी. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बापाला भेटायला छापखान्यात यायची, त्यामुळे आमची गट्टी जमली. हुशार, बोलायला तिखट, आणि रंगाने चांगली काळीसावळी. तिच्या अंगावर पांढरं पातळ काय खुलायचं. पण पाहायला येणारे पातळ पाहत नव्हते. सातआठ स्थळं चहापोहे घेऊन गेली आणि पोस्टाने नकार आले. सुमीची आई रडकुंडीला आली होती. तुम्ही जगाच्या पोरींच्या जाहिराती लावता, आपलीची काऊन लावत नाही, असं तिने काकांच्या मागे टुमणं लावलं.

एका बुधवारी काकांनी ते प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं. एरवी ठेवून निघून जायचे. त्या दिवशी बाजूला उभे राहिले, फडक्याने हात पुसत. मजकुरात सुमीचं वय होतं, नोकरी होती, आणि सगळ्यांत आधी शब्द होता 'निमगोरी'. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांचं भाग्य थोर. गोरी म्हणायची सोय नाही आणि काळी म्हणायची हिंमत नाही, अशा बापांनी तो काढलेला असावा.

माझी पेन्सिल त्या शब्दावर थांबली. मान वर करून पाहायचा धीर झाला नाही. दुसरं कोणी असतं तर मी काकांचीच युक्ती वापरून चार टोमणे मारले असते. पण ते बापाच्या वयाचे, मला हाताला धरून काम शिकवलेले. त्यांची चूक मी काढायची? मी सही केली. काकांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. ते थोडा वेळ थांबले आणि कागद घेऊन गेले.

जाहिरात वाचून आष्टीकडची मंडळी आली. मुलाचा मामा खिशात कात्रण घेऊनच आला होता. त्याने एकदा कात्रणाकडे पाहिलं, एकदा सुमीकडे, आणि भर बैठकीत विचारलं, "निमगोरी म्हणजे कोनाच्या मानानं?" सुमीनेच उत्तर दिलं. म्हणाली, "थो शब्द माह्या बाबाचा हाये. माहा रंग हा असा हाये. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला." मंडळींनी चहा घेतला आणि गेली. सुमी त्यानंतर महिनाभर बापाशी कामापुरतंच बोलली. नकाराचं तिला नवं काही नव्हतं. पण आपल्या रंगाची लाज आपल्या बापालाही वाटते, हे तिला त्या कात्रणातून कळलं होतं.

मंडळी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काका छापखान्यात आले ते दहा वर्षांनी म्हातारे होऊन. मला म्हणाले, "पोरी, दुसऱ्याच्या लेकीची जाहिरात उलटून वाचाले सोपी असते. आपल्या लेकीची आली का सरळच वाचा लागते." मग त्यांनी स्वतःच्या पगारातून दुसरी जाहिरात लावली. पहिला शब्द 'सावळी', तोही ठळक अक्षरात. तिला एकही पत्र आलं नाही. सुमीचं लग्न पुढे दोन वर्षांनी तिच्याच शाळेतल्या एका मास्तरांशी झालं, त्यात जाहिरातीचा काही संबंध नव्हता. लग्नात काका मांडवभर लहान मुलासारखे रडत फिरत होते.

पुढे नवी छपाई आली, खिळे भंगारात गेले आणि काका घरी बसले. मी नागपूरला कॉलेजात शिकवायला लागले. जाहिरातीत बाई कशी दाखवतात, बाप्या कसा दाखवतात, हे मी पोरांना शिकवते. पुस्तकांत त्याला भारदस्त नावं आहेत. मी फळ्यावर जाहिरात लिहिते आणि म्हणते, उलटून वाचा. काका एकदा मुलीकडे टीव्ही पाहून आले, तेव्हा मला म्हणाले होते, "बाई कपडे धुऊन नाचून राह्यली होती. धुणं झाल्यावर नाचाले कंबर राह्यते काय?" यापेक्षा नेमकं मला अजून कोणत्या पुस्तकात सापडलेलं नाही.

काका गेल्याचं मला उशिरा कळलं. तेरवीला मी सेलूजवळच्या त्यांच्या गावी गेले. सुमी भेटली. माझ्या मनात इतकी वर्षं सलत होतं ते मी तिला सांगून टाकलं, की त्या प्रूफावर सही माझी होती.

"माहीत हाये मले," सुमी म्हणाली. "बाबानं सांगतलं होतं. थो शब्द आईनं घालाले लावला होता, तिच्यापुढं त्याईचं चालत नव्हतं. म्हणे, त्या पोरीनं खोडलं असतं तं घरी सांगता आलं असतं, का छापखान्यात शब्द कापला. तुह्या टेबलापाशी थे वाट पाहून राह्यले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. काकांनी हे मला कधीच बोलून दाखवलं नाही, शेवटपर्यंत नाही. मी त्यांचा मान राखला, असं समजून इतकी वर्षं बसले होते. त्यांना त्या दिवशी माझी पेन्सिल हवी होती.